रानअळंबी: ओळखीची शिस्त

अळंबी खाण्याजोगी आहे की विषारी, हे सांगणारी एकही सरसकट खूण निसर्गात नाही. रंगावरून ते कळत नाही, वासावरून कळत नाही, चवीवरून कळत नाही; किडीने पाडलेल्या भोकांवरून नाही आणि चांदीच्या नाण्यावरूनही नाही. समोर उगवलेली अळंबी नेमकी कुठल्या जातीची आहे हे ठरलं, तरच ती पोटात घालावी की नाही हे ठरतं. याला आडवाट नाही. या पुस्तकातली वर्णनं आणि छायाचित्रं याच एका गोष्टीभोवती रचली आहेत. ती वाचकाच्या मनात पक्की बसावी म्हणून ही प्रस्तावना नेहमीपेक्षा लांबली आहे.

आपल्याकडे अळंबीकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा फार जुन्या. एक तऱ्हा तोंड फिरवण्याची. मनुस्मृतीने लसूण-कांद्याच्या जोडीने कवकालाही वर्ज्य ठरवलं. ज्या घरांत तो निषेध पाळला गेला, तिथे पावसाळ्यात परसात उगवलेलं सगळं ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून निकालात निघालं. पोरांना हात लावू दिला नाही, कुणाला काही विचारलं नाही. दुसरी तऱ्हा रानाशी रोजचा संबंध असलेल्यांची: कोकणातले कुणबी, घाटमाथ्यावरचे ठाकर आणि कातकरी, जव्हार-डहाणूकडचे वारली, गडचिरोलीतले माडिया आणि गोंड. त्यांच्या घरी अळंबी म्हणजे पावसाळ्यातलं हक्काचं अन्न. कोकणात ती खोबऱ्याच्या वाटपात शिजते, गोव्यात अळम्यांची शाकुती होते, विदर्भात सात्या आणि टेकोडे आठवडी बाजारात आले की मटणाच्या भावाशी त्यांची तुलना होते. श्रावणात मांस-मासे न खाणाऱ्या घरांत तर तिची वाट पाहिली जाते. लिहित्या वर्गाने तोंड फिरवलेलं असल्यामुळे या जाणत्या माणसांचं ज्ञान कागदावर फारसं आलंच नाही. मराठीत अळंबीवर वाचायला इतकं थोडं का आहे, याचं माझ्या मते हेच खरं कारण आहे.

गेल्या काही वर्षांत तिसरी तऱ्हा दिसू लागली आहे. रानभाज्यांचे महोत्सव तालुक्यातालुक्यांत भरतात, शहरातली मंडळी शनिवार-रविवारी डोंगर चढतात, फोनवर कुणी तरी रानातून टोपली भरून आणल्याचा व्हिडिओ पाहतात. रानाविषयीचं हे कुतूहल मला मनापासून हवंहवंसं वाटतं. पण पानभाजीच्या अनुभवावर अळंबीला हात घालणं घातक आहे. टाकळा, कुरडू, भारंगी ओळखताना गफलत झाली, तर बहुतेक वेळा भाजी कडू लागते किंवा पोट बिघडतं. शेवळं नीट शिजवली नाहीत, तर घसा खाजतो. अळंबीच्या बाबतीत गफलतीची किंमत यकृत असू शकते. आणि ती अळंबी चवीला उत्तम लागलेली असते. विषबाधेतून वाचलेल्यांनी डॉक्टरांना हे अनेकदा सांगितलं आहे.

आधी अळंबी म्हणजे काय ते थोडक्यात. ती वनस्पती नाही आणि प्राणीही नाही. कवकांची सृष्टीच वेगळी. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे आंब्याच्या झाडाचा फक्त आंबा. झाड, म्हणजे बारीक तंतूंचं जाळं, मातीत, लाकडात किंवा पालापाचोळ्यात वर्षभर पसरलेलं असतं. जगभरात कवकांच्या दीड लाखांच्या आसपास जातींना नावं मिळाली आहेत, आणि प्रत्यक्षात त्या वीस लाखांहून अधिक असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतल्या मोजक्याच जातींना छत्री येते. छत्री येणाऱ्यांपैकी बहुसंख्य जाती ना खाण्यालायक, ना जीवघेण्या: कुणी चिवट, कुणी कडू, कुणी इतक्या लहान की त्यांच्या वाटेला कुणी जात नाही. जिवावर बेतणाऱ्या जाती मूठभर आहेत. गफलत होते ती याच मूठभरांमुळे, कारण त्या दिसायला साध्या आणि सालस असतात.

आपल्या भागातली सगळ्यांत लाडकी अळंबी वारुळावर उगवते, आणि तिची गोष्ट विस्ताराने सांगण्यासारखी आहे. वाळवीच्या काही जाती जमिनीखाली कवकाची शेती करतात. वाळलेली पानं, काटक्या, गवत त्या आत नेतात, चावून पोटातून काढतात आणि त्यापासून जाळीदार पोळी बांधतात. त्या पोळ्यांवर टर्मिटोमायसिस नावाच्या कुळातलं कवक वाढतं. वाळवीला न पचणारं लाकूड ते पचण्याजोगं करून देतं, आणि वाळवी त्याच्यावर जगते. ही भागीदारी सुमारे तीन कोटी वर्षांची आहे. माणसाने पेरणी सुरू केली ती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांपूर्वी. पावसाने जमीन मुरली की या पोळ्यांतून कोंब वर निघतात. माती भेदता यावी म्हणून छत्रीच्या मध्यावर टणक टोक असतं आणि खाली दांडीचं लांबलचक मूळ थेट पोळ्यापर्यंत गेलेलं असतं. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजे हाइम यांनी १९४२ मध्ये या कुळाला नाव दिलं. दक्षिण भारतात सापडलेल्या एका जातीला पुढे त्यांचंच नाव मिळालं. आफ्रिकेतल्या एका जातीची छत्री मीटरभर रुंद होते, तर आपल्याकडेही दिसणारी एक जात नखाएवढ्या छत्र्यांची, पण जमीन पांढरी करून टाकणारी. बटण अळंबी किंवा धिंगरी शेडमध्ये पिकवता येते, तशी ही अजून कुणाला बाजारासाठी पिकवता आलेली नाही. बाजारात येते ती सगळी रानातूनच.

ही अळंबी आणणारी बाई ती कशी ओळखते, हे नीट पाहिलं तर ओळखीची खरी रीत समजते. ती केवळ छत्री पाहत नाही. वारूळ कुठलं हे तिला ठाऊक असतं, गेल्या वर्षी कुठल्या नक्षत्रात तिथे कोंब आले होते हे ठाऊक असतं. दांडी खाली किती खोल जाते, मधलं टोक कसं लागतं, उमलल्यावर खालच्या पडद्यांवर गुलाबी झाक कधी चढते, मोडल्यावर वास कसा येतो, हे तिच्या हाताला माहीत असतं. तिला आईने किंवा सासूने त्याच जागी नेऊन दाखवलेलं असतं. शेजारच्या गवतात उगवलेली दुसरी देखणी अळंबी ती उचलत नाही. विचारलं तर विषारी आहे असंही म्हणत नाही, “ती आम्ही खात नाही” एवढंच सांगते. सगळ्या अळंब्यांतली चांगली-वाईट निवडण्याचा दावा ती करत नाही. तिला एक-दोन जाती पुरत्या ठाऊक असतात, ठरावीक जागी आणि ठरावीक दिवसांत. कवकशास्त्राला याहून मोठा गुरू मिळणार नाही.

हेच ज्ञान जागा बदलली की दगा देतं. आशियात भाताच्या पेंढ्यावर वाढणारी एक अळंबी आवडीने खाल्ली जाते. तिच्या बुडाशी पिशवी असते, कोवळेपणी ती अंड्यासारखी दिसते. युरोपातली डेथ कॅप, म्हणजे ॲमॅनिटा फॅलॉइडीस, हिच्याही बुडाशी तशीच पिशवी आणि कोवळेपणी तसंच अंडं. ओक आणि इतर झाडांच्या मुळांबरोबर ही डेथ कॅप कॅलिफोर्नियात आणि ऑस्ट्रेलियात पोहोचली आणि तिथल्या बागांत, रस्त्याकडेच्या झाडांखाली उगवू लागली. आशियातून तिथे गेलेल्या माणसांनी ती आपली गावाकडची अळंबी समजून खाल्ली आणि माणसं दगावली. कॅनबेरात २०१२ च्या नववर्षाच्या सुमारास अशाच एका जेवणानंतर दोघांचा मृत्यू झाला. त्यांतला एक व्यवसायाने स्वयंपाकी होता. मेलबर्न आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या आता मोठी आहे. गावी आजीबरोबर अळंबी काढलेली असेल, तर ती आठवण जपावी. तिथल्या ओकखालची छत्री मात्र त्या आठवणीच्या भरवशावर कढईत टाकू नये.

आणि हे परदेशातच घडतं असंही नाही. एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात, चराइदेव, दिब्रूगढ, शिवसागर, तिनसुकिया या जिल्ह्यांत, रानअळंबी खाल्ल्यामुळे काही दिवसांतच १३ माणसं गेली. त्यांत लहान मुलं होती, आणि बहुतेक कुटुंबं चहाच्या मळ्यांत काम करणारी होती. तिथे वळवाच्या पावसानंतर अळंबी गोळा करणं नेहमीचंच, आणि कमी मजुरीच्या घरात ती फुकटची भाजी. ही माणसं बेफिकीर होती असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांनी जे दरवर्षी केलं तेच केलं होतं.

अशा मृत्यूंमागे बहुतेक वेळा ज्या विषाचा हात असतो, त्याची चाल समजून घेणं प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे. त्याला ॲमाटॉक्सिन म्हणतात. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांवरचा मजकूर वाचून प्रथिनं बनवण्याचं काम अखंड चालू असतं. तो मजकूर वाचणाऱ्या यंत्रणेलाच हे विष घट्ट चिकटतं आणि बंद पाडतं. पेशी लगेच मरत नाही. साठा संपेपर्यंत ती तग धरते आणि मग कोसळते. सर्वाधिक मार यकृताला, कारण आतड्यातून आलेलं रक्त आधी तिथे जातं. यकृत हे विष पित्तातून आतड्यात टाकतं, आतडं ते पुन्हा शोषतं, आणि तेच विष पुन्हा यकृतात येतं. उकळून, तळून, वाळवून किंवा गोठवून ते नष्ट होत नाही. एका मोठ्या माणसाचा जीव घ्यायला एक अळंबी पुरू शकते.

त्याहून भयंकर आहे तो त्याचा कालक्रम. खाल्ल्यावर पहिले सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त, काहीच होत नाही. माणूस जेवतो, झोपतो. मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे उलट्या-जुलाब सुरू होतात, अगदी पाण्यासारखे. एखाद-दोन दिवसांत ते थांबतात. रुग्णाला बरं वाटतं, भूक लागते, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, कधी दवाखान्यातून घरी पाठवणीही होते. याच दिवसांत आत यकृत ढासळत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात, रक्त गोठेनासं होतं, शुद्ध हरपू लागते. तोवर कधी कधी यकृताचं प्रत्यारोपण एवढाच उपाय उरलेला असतो. ज्या वर्षी रावेरखेडीला थोरले बाजीराव गेले, त्याच १७४० च्या ऑक्टोबरात व्हिएन्नात सम्राट सहावा चार्ल्स अळंबी खाऊन आजारी पडला आणि काही दिवसांनी वारला. त्याच्या दुखण्याच्या वर्णनावरून ती डेथ कॅपच असावी असं मानतात. त्याच्या मरणानंतर वारसाहक्कावरून युरोपभर युद्ध पेटलं.

ॲमाटॉक्सिन एकट्या ॲमॅनिटात नसतं. लेपिओटा कुळातल्या काही नाजूक, खवलेदार अळंब्या बागेतल्या मातीत उगवतात, त्यांतही ते सापडतं. कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या गॅलेरिनातही सापडतं. म्हणून ‘लाकडावरची ती चांगली’ हा आणखी एक समज इथेच मोडतो. आपल्या पश्चिम घाटात ॲमॅनिटा कुळातल्या जाती नोंदलेल्या आहेत, आणि निलगिरीच्या डोंगरांत परदेशी झाडांच्या लागवडीखाली युरोपातली लाल टोपीची, पांढऱ्या ठिपक्यांची ॲमॅनिटाही उगवते. झाडं आणली की त्यांच्या मुळांवरची कवकंही येतात.

दुसरं एक विष मूत्रपिंडावर जातं आणि त्याहूनही उशिरा उघडं पडतं. कॉर्टिनेरियस कुळातल्या काही तपकिरी-नारिंगी अळंब्यांत ते असतं. खाल्ल्यानंतर दोन दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी तहान, पाठदुखी, लघवी कमी होणं अशी लक्षणं दिसतात, आणि इतक्या उशिरा कुणाला जुनं जेवण आठवत नाही. पोलंडमध्ये १९५२ मध्ये शंभरावर माणसं अशी आजारी पडली, तेव्हा कुठे या विषाकडे वैद्यांचं लक्ष गेलं. ‘द हॉर्स व्हिस्परर’ या कादंबरीचे लेखक निकोलस इव्हान्स यांनी २००८ मध्ये स्कॉटलंडमध्ये रानातून आणलेली अशीच अळंबी घरच्यांबरोबर खाल्ली. पुढे काही वर्षं ते डायलिसिसवर होते आणि २०११ मध्ये मुलीने त्यांना आपलं मूत्रपिंड दिलं.

आता आपल्याकडच्या घरगुती परीक्षांविषयी. अळंबीबरोबर चांदीचं नाणं उकळलं आणि ते काळं पडलं नाही तर अळंबी चांगली. लसूण किंवा तांदूळ घातला आणि रंग बदलला नाही तर चांगली. गोगलगायीने कुरतडलेली चांगली. गुराने तोंड लावलेली चांगली. पांढरी चांगली, रंगीत वाईट. हळद, चिंच, आमसूल घालून शिजवली की विष उतरतं. यांतली एकही परीक्षा खरी नाही. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांनी, आणि ॲमाटॉक्सिनच्या बाबतीत ती काहीच सांगत नाही. गोगलगायी डेथ कॅप खुशाल खातात, आणि काही फळमाश्यांच्या अळ्या तर तिच्यातच वाढतात, कारण त्यांच्या शरीरावर हे विष चालत नाही. पांढऱ्या रंगाचं म्हणाल, तर जगातल्या सर्वांत प्राणघातक अळंब्यांपैकी काही शुभ्र पांढऱ्या आहेत. या समजुती निरुपद्रवी लोकवाङ्मय म्हणून जपून ठेवाव्यात असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. प्रत्येक समजूत कुणाला तरी खोटा धीर देते, आणि तो धीर ताटापर्यंत पोहोचतो.

‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खातो’ हा दाखला मात्र आदराने ऐकायला हवा, आणि तरी तो अखेरचा शब्द मानता येत नाही. पॅक्सिलस नावाची एक अळंबी मध्य आणि पूर्व युरोपात पिढ्यान्‌पिढ्या शिजवून खाल्ली जात होती. जर्मन कवकशास्त्रज्ञ युलियुस शेफर १९४४ मध्ये तीच खाऊन मरण पावले. पुष्कळदा खाल्ल्यावर काही माणसांच्या शरीरात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, आणि एका जेवणानंतर तांबड्या पेशी फुटू लागतात. फ्रान्समध्ये आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या एका पिवळ्या अळंबीने लागोपाठच्या जेवणांनंतर स्नायू विरघळल्याच्या १२ घटना २००१ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांत तिघं दगावले होते. जपानमध्ये सुगीहिराताके ही सूचिपर्णी झाडांच्या ओंडक्यांवरची पांढरी अळंबी घरोघरी खाल्ली जाई. २००४ च्या शरदात तिने मेंदूवर परिणाम होऊन १७ माणसांचा बळी घेतला, आणि त्यांतल्या बहुतेकांना आधीपासून मूत्रपिंडाचा विकार होता. म्हणजे जात ओळखीची असली तरी खाणाऱ्याची प्रकृती, खाल्लेलं प्रमाण आणि शिजवण्याची पद्धत यांनी निकाल बदलतो. काश्मीर-हिमाचलात जिला गुच्छी म्हणतात ती अळंबी हजारोंच्या भावाने विकली जाते. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात २०२३ मध्ये तिच्या परदेशातून आलेल्या बहिणी कच्च्या किंवा अर्धकच्च्या वाढल्या गेल्या, ५१ जण आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. रानातली कुठलीही अळंबी कच्ची खाऊ नये. शाईसारखी विरघळणारी एक अळंबी एरवी निरुपद्रवी असते, पण तिच्या आगेमागे दारू प्यायली तर छाती धडधडते आणि चेहरा लालबुंद होतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाची गाठ बहुधा यांच्यापैकी कुणाशीही आधी पडणार नाही. पडेल ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटीसशी. पावसाळ्यात हिरवळीवर, सोसायटीच्या बागेत, मैदानावर, गुरं चरतात त्या माळावर ती वर्तुळात उगवते. ताटलीएवढी पांढरी छत्री, वर तपकिरी खवले, दांडीला कडं. दिसायला इतकी भरदार की कुणालाही वाटावं, एवढी चांगली भाजी वाया का घालवायची. पुष्कळ देशांत अळंबीच्या विषबाधेचं सर्वांत वारंवार आढळणारं कारण हीच आहे. तासा-दोन तासांत जोरदार उलट्या-जुलाब सुरू होतात. निरोगी मोठा माणूस सहसा सावरतो, पण लहान मूल शरीरातलं पाणी गमावून धोक्यात येतं. वारुळावरच्या अळंबीशी ती गल्लत होण्याजोगी आहे, कारण वारुळावरच्या काही जातींनाही कडं असतं, आणि जमिनीखालचं वारूळ वरून नेहमी दिसतंच असं नाही.

तिची एक खूण पक्की आहे, पण ती छत्रीकडे नुसतं पाहून मिळत नाही. दांडी कापून छत्री पडद्याची बाजू खाली करून कागदावर ठेवायची, अर्धा कागद पांढरा आणि अर्धा काळा. वर वाटी पालथी घालून रात्रभर सोडायचं. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला असतो. क्लोरोफायलमचा ठसा हिरवट येतो, वारुळावरच्या अळंबीचा फिका गुलाबी. कोवळेपणी क्लोरोफायलमचे पडदे पांढरेच असतात, म्हणून ठशाशिवाय फसगत होते. पण ठसा हीसुद्धा जात ओळखण्याची एक पायरी आहे, परवाना नाही. डेथ कॅपचा ठसा पांढरा येतो आणि अनेक खाण्यालायक अळंब्यांचाही पांढराच येतो.

फोनवरच्या ॲपविषयी मला सतत विचारलं जातं. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी अशी तीन ॲप तपासली, तेव्हा सर्वांत चांगल्या ॲपनेही जेमतेम निम्म्या वेळा बरोबर जात सांगितली. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कवकप्रेमी मंडळाला तर संगणकाने लिहिलेल्या अळंबीच्या पुस्तकांविषयी लोकांना सावध करावं लागलं. ॲप हे कुतूहल जागं करायला आणि पुढे काय शोधायचं याचा अंदाज घ्यायला चांगलं आहे. वरून काढलेल्या एका फोटोत बुडाची पिशवी नसते, वास नसतो, ठसा नसतो. ज्या खुणांवर जीव अवलंबून आहे त्याच नेमक्या फोटोत नसतात.

म्हणून अळंबी पाहायला जाल तेव्हा ती खुडू नका, सुरीने बुडापासून उकरून काढा. ॲमॅनिटाची पिशवी मातीतच राहून गेली, तर ओळख तिथेच चुकली. आसपास कुठलं झाड आहे, जमीन कसली, लाकूड आहे की शेण, वारूळ आहे का, हे लिहा. छत्रीचा वरून, खालून आणि उभा छेद घेऊन फोटो काढा. अंड्यासारखा बंद गोळा मिळाला तर तो उभा चिरा. आतून एकसारखा पांढरा असेल तर तो भूगोळ्याच्या (पफबॉलच्या) जातीचा असू शकतो; आत छत्रीची आकृती दिसली तर तो ॲमॅनिटाचा कोंब असू शकतो. प्रत्येक नमुना वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये अळंबी काही तासांत सडते. नुसता हात लावल्याने विष चढत नाही, तेव्हा भिऊन पाहणं टाळण्याचं कारण नाही. पाहण्यासारखं पुष्कळ आहे: भीमाशंकरच्या जंगलात पावसाळी रात्री कुजक्या काटक्यांवर हिरवट उजेड दिसतो, तो कवकाचाच असतो.

आपल्याकडे या विषयाचा शास्त्रीय पाया कच्चा नाही, फक्त तो सामान्य वाचकापर्यंत आला नाही. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेची स्थापना महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून १९४६ मध्ये झाली. कवकशास्त्रज्ञ अजरेकरांच्या नावाचा तिथला कवकसंग्रह देशातल्या महत्त्वाच्या संग्रहांपैकी आहे, आणि नैऋत्य भारतातल्या छत्रीवाल्या अळंब्यांवरचा साठे आणि सहकाऱ्यांचा इंग्रजी ग्रंथ तिथूनच १९८० मध्ये निघाला. गोवा विद्यापीठातले डॉ. नंदकुमार कामत यांनी वारुळावरच्या अळंब्यांचा दीर्घ अभ्यास केला आणि त्यांच्या बेसुमार तोडणीविरुद्ध सातत्याने लिहिलं. त्यांचं म्हणणं मला पटतं. गिऱ्हाइकाला न उमललेले कोंब आवडतात, म्हणून छत्री उघडण्याआधीच सगळं उपटलं जातं आणि बीजाणू पसरतच नाहीत. वारूळ खणून काढलं, तर वाळवीची शेतीच मोडते. अभयारण्यातून ही अळंबी काढणं कायद्याने गुन्हा आहे. बाकीच्या रानातही काही कोंब उमलू द्यावेत, वारुळाला कुदळ लावू नये. हे सांगायला कायद्याची गरज पडू नये.

हे पुस्तक अळंबी पाहण्यासाठी लिहिलं आहे. यातल्या एकाही पानाच्या आधारावर कुणी अळंबी शिजवू नये, ही माझी स्पष्ट विनंती आहे. खायचीच असेल, तर त्याच गावात तीच जात वर्षानुवर्षं काढणाऱ्या माणसाकडून घ्यावी, पूर्ण शिजवावी, थोडी खावी, लहान मुलांना आणि यकृत-मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना देऊ नये, आणि एक-दोन अळंब्या न शिजवता बाजूला ठेवाव्यात. एवढं जमत नसेल, तर बाजारातली धिंगरी आणि बटण अळंबी चांगली आहे.

आमच्या भागातल्या डॉक्टरांनाही एक विनंती. पावसाळ्यात उलट्या-जुलाबांचे रुग्ण रांगेने येतात आणि सगळ्यांना दूषित पाण्याचं दुखणं समजून सलाइन लागतं. कृपया प्रत्येकाला विचारा: काल-परवा अळंबी खाल्ली होती का, आणि त्रास किती तासांनी सुरू झाला? सहा तासांनंतर सुरू झाला असेल, तर जुलाब थांबले म्हणून घरी पाठवू नका. यकृताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा करा आणि मोठ्या रुग्णालयाशी लगेच बोला. लवकर सुरू झाला असेल, तरी निर्धास्त होऊ नका, कारण एका भाजीत दोन जाती असू शकतात. या विषावर हमखास उतारा नाही, पण भरपूर सलाइन, कोळशाची मात्रा, सिलिबिनिन, ॲसिटिलसिस्टीन असे उपचार वेळेत सुरू झाले, तर जगण्याची शक्यता वाढते.

आणि वाचकहो, घरात कुणाला अळंबी खाल्ल्यानंतर त्रास सुरू झाला, तर घरगुती काढ्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. उरलेली भाजी, न शिजवलेली अळंबी, कचऱ्यात टाकलेले देठ, जे काही हाती लागेल ते कागदात गुंडाळून रुग्णाबरोबर न्या, आणि त्या ताटात जे जे जेवले त्या सगळ्यांना, त्रास होत नसला तरी, सोबत घेऊन जा.